शुक्राचा न जुळणारा हिशेब

पहाटे किंवा तिन्हीसांजेला क्षितिजाजवळ स्थिर तेवणारी शुक्राची चांदणी पाहताना आपल्यापर्यंत जो उजेड पोचतो, तो सगळा शुक्राच्या ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश असतो. त्या ढगांखालच्या जमिनीचा त्यात काहीही वाटा नसतो. सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हे ढग पुन्हा अवकाशात परतवतात आणि म्हणूनच सूर्य व चंद्र यांच्या खालोखाल तेजस्वी दिसणारा हा ग्रह दुर्बिणीतून पाहणाऱ्यांची पिढ्यानपिढ्या निराशा करत आला आहे. मंगळावर निदान तांबूस आणि काळपट प्रदेश दिसतात, गुरूवर पट्टे दिसतात. शुक्रावर मात्र किंचित पिवळसर झाक असलेली कोरी पांढरी तबकडी आणि तिच्या कला, याखेरीज डोळ्याला काही हाती लागत नाही. १७६१ मधील अधिक्रमणाच्या, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकण्याच्या, वेळी मिखाईल लोमोनोसोव्ह यांनी सूर्यबिंबाच्या कडेवर शुक्राभोवती प्रकाशाची फुगवटी पाहिली आणि त्यावरून या ग्रहाला वातावरण असल्याचा निष्कर्ष काढला. त्या वातावरणात काय चालले आहे, हे समजण्यासाठी मात्र आणखी दोन शतके जावी लागली आणि ते अजूनही पुरते समजलेले नाही.

मला या ग्रहाची ओढ त्याच्या जमिनीमुळे लागली नाही, हवेमुळे लागली. जमिनीवरचे आकडे बहुतेकांच्या कानावरून गेलेले असतात: सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान, पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे ९२ पट दाब, शिसे वितळेल अशी उष्णता. हे आकडे सांगून झाले की शुक्र म्हणजे हरितगृह परिणामाचे टोकाचे उदाहरण, एवढ्या एका वाक्यात तो ग्रह संपवला जातो. ते वाक्य खरेच आहे. परंतु जी गोष्ट एका वाक्यात समजली असे वाटते तिच्याविषयीचे कुतूहल लवकर मावळते आणि शुक्राच्या बाबतीत नेमके तेच झाले असावे, असे मला वाटते. या ग्रहाच्या वातावरणात ऊर्जेचा, वाऱ्याच्या वेगाचा, गंधकाचा आणि पाण्याचा असे चार मोठे हिशेब आहेत. त्यांतील एकही हिशेब आज पूर्णपणे जुळत नाही, आणि ज्या रकमा जुळत नाहीत त्या एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलेल्या असाव्यात, असा संशय घेण्यास सबळ जागा आहे.

ऊर्जेपासून सुरुवात करावी. शुक्र सूर्याला पृथ्वीपेक्षा जवळ असल्यामुळे त्याच्यावर जवळजवळ दुप्पट सूर्यप्रकाश पडतो. तरीही ढग इतका प्रकाश परतवतात, की प्रत्येक चौरस मीटरमागे शुक्र जी सौर ऊर्जा प्रत्यक्षात शोषून घेतो ती पृथ्वीने शोषलेल्या ऊर्जेपेक्षा कमीच भरते. जमिनीपर्यंत तर त्या उजेडाचा जेमतेम अडीच टक्के भाग पोचतो. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर तिथली जमीन इतकी तापलेली राहते, कारण ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला वातावरणाचा प्रचंड जाड थर खालची उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. इथपर्यंतचे गणित समजते. अडचण वर आहे, ढगांच्या वरच्या भागात, जमिनीपासून साधारण साठ ते सत्तर किलोमीटर उंचीवर. शुक्र जेवढी सौर ऊर्जा शोषतो तिच्यापैकी सुमारे निम्मी ऊर्जा तिथे एक पदार्थ शोषून घेतो, आणि तो पदार्थ कोणता हे आजही निश्चितपणे कोणाला सांगता येत नाही.

या पदार्थाचे अस्तित्व मानवाला कळून जवळजवळ एक शतक होत आले आहे. १९२७ मध्ये फ्रँक रॉस यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून अतिनील प्रकाशात शुक्राची छायाचित्रे घेतली आणि जी तबकडी डोळ्याला कोरी दिसत होती तिच्यावर गडद पट्टे आणि डाग उमटले. ते डाग कायम एका जागी नव्हते. ते बदलत होते, विरत होते आणि नव्याने तयार होत होते. पुढे १९७४ मध्ये मॅरिनर १० हे यान शुक्राजवळून गेले तेव्हा त्याच्या अतिनील चित्रांत ग्रहाच्या मोठ्या भागावर पसरलेली, आडव्या पडलेल्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी एक अवाढव्य गडद आकृती स्पष्ट दिसली. डागांचा काही भाग सल्फर डायऑक्साइडमुळे असतो, हे नंतर कळले. परंतु सल्फर डायऑक्साइड मुख्यतः ३२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि शुक्रावरील शोषण तर त्याच्या पुढे, ३६५ नॅनोमीटरच्या आसपास जोरात चालू असते व थेट दृश्य प्रकाशाच्या निळ्या टोकापर्यंत रेंगाळत राहते. शुक्राला जी पिवळसर झाक आहे ती याच शोषणामुळे. म्हणजे तिन्हीसांजेला दिसणाऱ्या त्या चांदणीच्या रंगातच हे कोडे मिसळलेले आहे.

उमेदवारांची यादी लांबलचक आहे. ढगांचे थेंब सुमारे पंचाहत्तर टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लाचे आहेत, हे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून आणि अवरक्त वर्णपटावरून ठरले. परंतु शुद्ध गंधकाम्ल या तरंगलांबीला जवळजवळ पारदर्शक असते, त्यामुळे आरोपी त्याच्यात विरघळलेला किंवा त्याच्यासोबत तरंगणारा दुसराच कोणीतरी असला पाहिजे. गंधकाच्या अणूंच्या साखळ्या आणि वलये, गंधकाची अल्पायुषी ऑक्साइडे, फेरिक क्लोराइड असे अनेक पर्याय सुचवले गेले. सोव्हिएत संघाच्या वेगा मोहिमांच्या उपकरणांना ढगांच्या कणांत लोह आणि क्लोरीन यांच्या खुणा सापडल्या होत्या, त्यामुळे लोहाची संयुगे पुन्हा पुन्हा चर्चेत येतात. २०२४ मध्ये तर प्रयोगशाळेतील मोजमापांच्या आधारे रोम्बोक्लेस नावाचे लोहाचे खनिज आणि आम्लात विरघळलेले फेरिक सल्फेट यांचे मिश्रण शुक्राच्या वर्णपटाशी चांगले जुळते, असे दाखवण्यात आले. मला हा प्रस्ताव आजवरच्या प्रस्तावांपैकी सर्वांत आकर्षक वाटतो, तरीही एक हरकत उरतेच. वर्णपट जुळणे ही ओळख पटण्याची अर्धीच अट आहे. उरलेली अर्धी अट अशी, की तो पदार्थ त्या उंचीवर पुरेशा प्रमाणात तयार व्हायला हवा किंवा खालून तिथवर पोचायला हवा, काही तासांत किंवा दिवसांत नष्टही व्हायला हवा, आणि डाग जसे दिसतात व मावळतात तसे त्याचे प्रमाण कमीजास्त व्हायला हवे. रुंद, उताराचा आणि ठळक खाचा नसलेला वर्णपट अनेक पदार्थांना शोभून दिसतो. ज्या रेषांवरून रसायनशास्त्रज्ञ एखाद्या रेणूवर बोट ठेवतात, तशा रेषा इथे नाहीतच.

हा शोषक स्थिरही नाही. शुक्राभोवती फिरलेली व्हीनस एक्स्प्रेस व आकात्सुकी ही याने आणि हबल दुर्बीण यांच्या निरीक्षणांची सांगड घालून २०१९ मध्ये असे दिसून आले, की २००६ ते २०१७ या काळात ३६५ नॅनोमीटरला शुक्राची परावर्तनक्षमता जवळजवळ दुपटीच्या फरकाने बदलली. ज्या पदार्थावर एका ग्रहाच्या निम्म्या ऊर्जेची भिस्त आहे, त्याचे प्रमाण एका दशकात असे बदलणे म्हणजे त्या ग्रहाच्या हवामानाचा पाया हलण्यासारखे आहे. पृथ्वीवर एवढ्या प्रमाणात असे काही घडले असते तर आपण दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोललो नसतो.

आता वाऱ्याकडे वळावे, कारण हे डाग नसते तर वाऱ्याचे कोडे इतक्या लवकर कळलेच नसते. १९५७ मध्ये चार्ल्स बोये नावाचे एक फ्रेंच न्यायाधीश मध्य आफ्रिकेतील ब्राझाव्हिल येथे नेमणुकीवर असताना, छंद म्हणून, छोट्या दुर्बिणीतून शुक्राची अतिनील छायाचित्रे घेत होते. एक गडद आकृती दर चार दिवसांनी त्याच जागी परतते, असे त्यांच्या लक्षात आले. पिक द्यु मिदी वेधशाळेतील आंरी कामिशेल यांच्याबरोबर त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांना ते बराच काळ पटले नाही. त्यानंतर काही वर्षांतच रडारच्या साहाय्याने शुक्राच्या घन गोळ्याचे परिवलन मोजले गेले आणि ते निघाले २४३ दिवसांचे, तेही उलट्या दिशेने. ग्रह स्वतःभोवती फिरतो २४३ दिवसांत आणि त्याचे ढग मात्र त्याच दिशेने ग्रहाला वळसा घालतात चार दिवसांत. विषुववृत्तावर जमीन सेकंदाला दोन मीटरांहूनही कमी वेगाने सरकते, तर सत्तर किलोमीटरवरची हवा सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने धावते. मॅरिनर १० च्या चित्रमालिकेने बोये यांचे निरीक्षण निर्विवाद ठरवले. त्या न्यायाधीशांविषयी मला मनापासून आदर वाटतो. जे दिसते ते शक्य नाही असे जाणकार सांगत असताना त्यांनी आपल्या तबकड्यांवर विश्वास ठेवला.

यातील कोडे वेगाच्या आकड्यात नाही, वेग टिकण्यात आहे. हवेच्या थरांमध्ये घर्षण असते, लहरी असतात, भोवरे असतात, आणि हे सगळे मिळून वेगवान थराला हळूहळू खालच्या संथ थरांच्या पंक्तीला आणून बसवत असतात. जमिनीलगत वारा सेकंदाला जेमतेम एखादा मीटर वाहतो. अशा वेळी वरच्या थराला कोणीतरी सतत कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, पुरवत राहिला नाही तर ते महापरिवलन, म्हणजे हवेचे ग्रहापेक्षा वेगाने फिरणे, थांबले पाहिजे. विषुववृत्तावर ते टिकणे विशेष कठीण असते, कारण विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारी हवा संवेग सोबत नेते आणि त्याची भरपाई उलट दिशेने कोणीतरी करावी लागते. १९७० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतांनी भोवऱ्यांना हे काम दिले होते. आकात्सुकीच्या निरीक्षणांवर आधारलेल्या २०२० मधील अभ्यासाने मुख्य श्रेय औष्णिक भरती-ओहोटीला दिले: दिवसाच्या बाजूला सूर्य ढगांचा वरचा थर तापवतो, रात्रीच्या बाजूला तो निवतो, आणि या तापण्या-निवण्यातून उठणाऱ्या ग्रहव्यापी लहरी विषुववृत्ताजवळच्या हवेला पुढे ढकलत राहतात. ढगांच्या माथ्यापुरते हे उत्तर मला पटते. पण वातावरणाचे बहुतेक वस्तुमान आणि म्हणून बहुतेक संवेग त्या माथ्याच्या खाली, वीस-तीस किलोमीटर उंचीच्या आसपास आहे. तिथला वारा कोण चालवतो हे त्या उत्तरात येत नाही आणि तिथले वारे आजवर मोजले गेले ते केवळ कोसळत्या यानांच्या एकेका सरळ रेषेत.

इथे दोन वह्या एकमेकींना भिडतात. औष्णिक भरती निर्माण होते ती सूर्याच्या उष्णतेतून आणि ती उष्णता त्या थरात अडवणारा मुख्य घटक म्हणजे तोच अज्ञात शोषक. शोषक कमी झाला की तापणे कमी होणार, लहरींचा जोर बदलणार, वाऱ्याचा वेग बदलणार; आणि वारा बदलला की शोषकाला खालून वर आणणारे अभिसरणही बदलणार. व्हीनस एक्स्प्रेसच्या पहिल्या सहा वर्षांत ढगांच्या माथ्यावरील वाऱ्याचा सरासरी वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटरवरून ४०० किलोमीटरपर्यंत वाढल्याचे आढळले होते. त्याच काळात परावर्तनक्षमता घटत होती, म्हणजे शोषण वाढत होते. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगण्याइतकी सलग निरीक्षणे नाहीत. तरी या दोन घटना एकमेकींपासून अलिप्त आहेत असे मानणे मला तरी जमत नाही.

आकात्सुकीचा उल्लेख आला आहे तर तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहायलाच हवे. ही जपानी मोहीम २०१० मध्ये निघाली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचे मुख्य इंजिन निकामी झाले आणि यान शुक्राला ओलांडून सूर्याभोवती फिरत राहिले. पाच वर्षांनी, ७ डिसेंबर २०१५ रोजी, दिशा बदलण्यासाठी असलेल्या लहान इंजिनांच्या बळावर तिला शुक्राच्या कक्षेत आणण्यात आले. कक्षेत शिरताच तिच्या अवरक्त कॅमेऱ्याने एक विलक्षण दृश्य टिपले: ढगांच्या माथ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे सुमारे दहा हजार किलोमीटर पसरलेली, धनुष्यासारखी वाकलेली एक उष्ण-शीत रेघ. सभोवतालची हवा सेकंदाला शंभर मीटर वेगाने वाहत असताना ती रेघ अनेक दिवस एका जागी थांबून राहिली. तिच्या बरोबर खाली अ‍ॅफ्रोडायटी हा डोंगराळ उंचवटा आहे. डोंगरावरून जाणारी हवा वर ढकलली जाते, पुन्हा खाली येऊ पाहते आणि त्यातून उठलेली लहर वर चढत जाते. पृथ्वीवरही पर्वतांच्या पाठीमागे अशा लहरी उठतात. परंतु शुक्रावर जमिनीलगतचा वारा इतका मंद असताना, मधल्या अस्थिर थरातून वाट काढत, साठ किलोमीटरहून अधिक उंचीवर इतकी मोठी आणि तीही मुख्यतः तिथल्या दुपारी प्रकटणारी लहर कशी पोचते, याचे सविस्तर उत्तर अजून हवे आहे.

या लहरींचा परिणाम उलट दिशेनेही होतो. वातावरण डोंगरांना ढकलते, आणि शुक्राच्या वातावरणाचे वस्तुमान ग्रहाच्या वस्तुमानाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके, म्हणजे पृथ्वीच्या मानाने फारच मोठे असल्यामुळे त्या ढकलण्याने ग्रहाचे परिवलनच कमीजास्त होते. २००६ ते २०२० या काळातील रडार निरीक्षणांवरून शुक्राच्या परिवलनाचा काळ सुमारे वीस मिनिटांच्या फरकाने बदलतो असे दिसले. पृथ्वीवर वाऱ्यांमुळे दिवसाची लांबी बदलते ती मिलिसेकंदाच्या मापाने. एका ग्रहाची हवा आपल्या खालच्या घन गोळ्याला अशी हलवते, ही कल्पना मला प्रत्येक वेळी नव्याने थक्क करते.

गंधकाचा हिशेब या सर्वांत कमी चर्चिला जातो आणि मला वाटते तोच सर्वांत त्रासदायक आहे. ढगांच्या खाली सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख रेणूंमागे सुमारे १५० इतके आहे. ढगांच्या वर ते हजार पटींनी, कधी त्याहूनही अधिक घटलेले असते. पाठ्यपुस्तकातील उत्तर असे, की वर आलेल्या वायूचे सूर्यप्रकाशात ऑक्सिडीकरण होऊन तो पाण्याच्या रेणूंशी संयोग पावतो व गंधकाम्ल तयार होते. उत्तर योग्य दिशेचे आहे, पण रक्कम पुरत नाही. ढगांखाली पाण्याची वाफ दर दहा लाखांमागे फक्त तीसच्या आसपास आहे. एका रेणूला एक रेणू या प्रमाणात ते पाणी सगळे खर्ची पडले तरी सल्फर डायऑक्साइडचा मोठा भाग शिल्लक राहायला हवा. तो शिल्लक राहत नाही. मग ढगांच्या थरातच तो काहीतरी गिळत असले पाहिजे. थेंबांत आम्लाचा जोर कमी करणारे क्षार असावेत, असे काहींनी सुचवले आहे. थेंबांत असे क्षार असतील तर ढगांच्या रसायनशास्त्राविषयीची आपली अनेक गृहीतके बदलावी लागतील. शिवाय ढगांच्या वरचे सल्फर डायऑक्साइड काळानुसारही बदलते: अमेरिकेचे पायोनियर व्हीनस यान १९७८ मध्ये पोचले तेव्हा ते भरपूर होते आणि पुढच्या दशकात घटत गेले, व्हीनस एक्स्प्रेसनेही आधी चढ आणि मग मोठा उतार नोंदवला. ज्वालामुखीचा एखादा मोठा उद्रेक हे एक कारण असू शकते. १९९१ मधील मॅजेलन यानाच्या रडार चित्रांत माट मॉन्स या ज्वालामुखीवरील एका मुखाचा आकार काही महिन्यांत बदललेला दिसतो, हे २०२३ मध्ये लक्षात आले, तेव्हा त्या शक्यतेला बळ मिळाले. पण वाऱ्याच्या अभिसरणातील चढउतारांनीही तेच घडू शकते. एका चढउतारावरून ज्वालामुखी आणि वारा यांच्यात निवाडा करता येत नाही.

फॉस्फिन या फॉस्फरस आणि हायड्रोजन यांच्या वायूविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, तरी मी त्याला मधोमध बसवणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या जेन ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई आणि चिली येथील रेडिओ दुर्बिणींच्या साहाय्याने शुक्राच्या ढगांत दर अब्ज रेणूंमागे सुमारे २० रेणू फॉस्फिन असल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सूक्ष्मजीवांशी आणि मानवी उद्योगांशी जोडलेला आहे, त्यामुळे जगभर जीवसृष्टीची चर्चा सुरू झाली. त्यानंतर चिलीच्या दुर्बिणीच्या आकडेवारीचे अंशांकन पुन्हा तपासले गेले आणि प्रमाण बरेच खाली आले. ज्या तरंगलांबीवर फॉस्फिनची रेषा आहे तिच्या अगदी शेजारी सल्फर डायऑक्साइडची रेषा असल्याचा आक्षेप पुढे आला. विमानातून निरीक्षण करणाऱ्या सोफिया दुर्बिणीला फॉस्फिन दिसलेच नाही. मूळ गटाने त्याच आकडेवारीचा वेगळा अर्थ लावून आपले म्हणणे कायम ठेवले. वाद मिटलेला नाही. मला या वादात दोन्ही बाजूंनी दाखवलेला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो: आकडेवारी खुली होती, चुका उघडपणे सुधारल्या गेल्या, आणि १९७८ च्या पायोनियर मोहिमेची जुनी मोजमापेही कोणीतरी पुन्हा चाळून पाहिली. 

शुक्राच्या ढगांत जीव असू शकतील ही कल्पना नवीन नाही. कार्ल सेगन आणि हॅरोल्ड मोरोविट्झ यांनी ती १९६७ मध्येच मांडली होती. पंचावन्न किलोमीटर उंचीवर तापमान आणि दाब सुखावह असतात, हेच तिचे बलस्थान. तिचा कच्चा दुवा पाणी आहे. त्या थेंबांतील पाणी आम्लाने इतके घट्ट बांधून ठेवलेले असते की पृथ्वीवरील सर्वांत चिवट सूक्ष्मजीवांना लागणाऱ्या किमान उपलब्धतेच्या शंभराव्या भागाइतकेही ते मोकळे नसते, असे २०२१ मधील एका अभ्यासाने दाखवले. माझे मत विचाराल तर फॉस्फिन खरे असो वा नसो, ते गंधकाच्या न जुळणाऱ्या हिशेबाच्या पोटात घडणारी एक उपकथा आहे. ढगांत दर दहा लाखांमागे शंभराहून अधिक रेणूंचा वायू कुठे जातो हे जिथे सांगता येत नाही, तिथे अब्जात एखादा रेणू कुठून आला, याचे उत्तर ठामपणे देण्याची घाई करू नये.

विजांचे कोडे थोडक्यात सांगता येते. सोव्हिएत व्हेनेरा यानांनी उतरताना रेडिओ कडकडाट नोंदवले, नंतरच्या यानांनी चुंबकीय लहरींत विजेसारख्या खुणा पाहिल्या. उलट कॅसिनी यान १९९८ आणि १९९९ मध्ये शुक्राजवळून गेले तेव्हा त्याला विजेचे रेडिओ संकेत मिळाले नाहीत आणि आकात्सुकीच्या खास कॅमेऱ्याला अनेक वर्षांच्या प्रतीक्षेत २०२० मध्ये एकच चमक दिसली, जी उल्कादेखील असू शकेल. विजा असतील तर त्या विरळ असाव्यात.

पाण्याचा हिशेब काळाच्या दृष्टीने सर्वांत लांब आहे. १९७८ मध्ये पायोनियर व्हीनसचे मोठे अन्वेषक यान ढगांतून खाली उतरत असताना त्याच्या वस्तुमान वर्णपटमापकाच्या तोंडाशी गंधकाम्लाचा थेंब अडकला आणि काही काळ उपकरण केवळ त्या थेंबाचेच विश्लेषण करत राहिले. मोहिमेच्या दृष्टीने तो अपघातच होता, पण त्यातून एक अमोल आकडा मिळाला: शुक्रावरील हायड्रोजनमध्ये ड्यूटेरिअमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, प्रमाण पृथ्वीच्या सुमारे शंभर पट आहे. हलका हायड्रोजन अवकाशात सहज निसटतो, जड ड्यूटेरिअम मागे राहतो. म्हणून इतका साठलेला ड्यूटेरिअम म्हणजे पुष्कळ पाणी गमावल्याची खूण आहे. किती पाणी? एखाद्या उथळ थराइतके की महासागराइतके, यावर एकमत नाही. काही संगणकीय प्रतिकृतींत शुक्रावर दीर्घकाळ समुद्र टिकतात, तर काहींत वाफ कधी थंड होऊन बरसतच नाही. आणि पाणी फुटून हायड्रोजन निघून गेला असेल तर ऑक्सिजन मागे उरायला हवा होता. शुक्राच्या हवेत तो जवळजवळ नाही. तो खडकांनी शोषला की सौरवाऱ्याबरोबर वाहून गेला, हा त्या वहीतील सर्वांत मोठा कोरा रकाना आहे. २०२४ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी हायड्रोजन निसटण्याचा एक दुर्लक्षित मार्ग दाखवला, ज्यात वरच्या वातावरणातील एक कार्बनयुक्त आयन इलेक्ट्रॉन पकडून फुटतो आणि हायड्रोजनला वेग देऊन बाहेर फेकतो. तो आयन शुक्रावर कोणत्याही यानाने अजून मोजलेला नाही, कारण ते मोजू शकेल असे उपकरण तिथे कधी गेलेच नाही.

जमिनीलगतच्या हवेविषयी तर प्रश्नही नीट विचारता येत नाहीत अशी स्थिती आहे. पायोनियरच्या चारही अन्वेषक यानांचे बाहेरचे तापमापक सुमारे बारा किलोमीटर उंचीवर निकामी झाले. शेवटच्या टप्प्यातील तापमानाची भरवशाची आणि बारकाईची नोंद वेगा २ ने १९८५ मध्ये केली, आणि तिच्यात शेवटच्या सात किलोमीटरमध्ये तापमान अपेक्षेपेक्षा वेगळ्या रीतीने बदलते. त्या खोलीवर कार्बन डायऑक्साइड धड वायू नसतो आणि धड द्रवही नसतो. त्या अवस्थेत नायट्रोजन त्याच्यापासून वेगळा होत वर सरकत असेल, असे एक स्पष्टीकरण २०१७ मध्ये मांडले गेले. ते खरे असेल तर ग्रहाच्या हवेचा सर्वांत खालचा थर वरच्या थरांपेक्षा वेगळ्या घटनेचा आहे आणि आपण त्याच्याविषयी फक्त एका उताराच्या नोंदीवरून बोलत आहोत.

हे सर्व जाणून घेण्याची गरज शुक्रापुरती मर्यादित नाही. दुसऱ्या ताऱ्यांभोवती जे ग्रह सापडत आहेत त्यांच्यापैकी अनेकांचे आकार आणि वस्तुमान पृथ्वी व शुक्र यांच्यासारखे आहे, आणि नुसत्या आकारावरून त्यांच्यातील पृथ्वी कोणती आणि शुक्र कोणता हे सांगता येत नाही. त्यांच्या वातावरणातील एखाद्या रेणूच्या पुसट रेषेवरून निष्कर्ष काढण्याची वेळ येणार आहे. सर्वांत जवळ येतो तेव्हा सुमारे चार कोटी किलोमीटरवर असलेल्या ग्रहाच्या बाबतीत आपली जी गत झाली, ती त्या वेळी आठवावी लागेल.

पुढच्या मोहिमांपैकी नासाच्या दाविंची मोहिमेतील गोल अन्वेषक यान सुमारे तासाभरात वातावरणातून खाली उतरत वायूंचे आणि समस्थानिकांचे प्रमाण मोजणार आहे, तर युरोपची एन्व्हिजन आणि भारताने २०२४ मध्ये मंजूर केलेली शुक्र परिक्रमा मोहीम कक्षेतून पाहणार आहेत. मला या सगळ्या हव्याच आहेत. तरीही त्या मोहिमा झाल्यावरदेखील अज्ञात शोषकाचा प्रश्न उरण्याची भीती मला वाटते, कारण कक्षेतून दिसते ते वर्णपटच आणि कोसळणारे यान ढगांत फार थोडा वेळ असते. त्या थरात जास्त काळ राहिलेली मानवी वस्तू म्हणजे जून १९८५ मधील वेगाचे दोन फुगे. हेलिअमने भरलेले ते साडेतीन मीटरांचे गोळे सुमारे चौपन्न किलोमीटर उंचीवर जवळजवळ दोन दिवस तरंगले, हजारो किलोमीटर वाहत गेले आणि बॅटरी संपल्यावर त्यांचे संकेत थांबले. त्यांच्याकडे तापमान, दाब, वारा, प्रकाश आणि ढगांची दाटी मोजण्याची साधने होती. थेंबाचे रासायनिक विश्लेषण करणारे साधन नव्हते. २०२२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटावर अशाच कामासाठीच्या, हवी तेव्हा उंची बदलू शकणाऱ्या फुग्याचा लहान नमुना उडवून पाहण्यात आला आहे. तसा फुगा काही आठवडे शुक्रावर टिकला, तर वाराच त्याला दर काही दिवसांनी ग्रहाभोवती नेईल, दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही बाजूंना फिरवेल, आणि एखाद्या गडद डागाच्या आत असताना व त्याच्या बाहेर असताना थेंबांत काय वेगळे होते, हे पहिल्यांदाच मोजता येईल.